अंगणातल्या ॲशच्या फळ्या

मंडळी, गेल्या काही वर्षांत आपल्या न्यू जर्सीत घरामागचे ॲशचे झाड वाळले नाही असे कुटुंब विरळाच. कुणी ते पाडून घेतले, कुणी अजून "बघू पुढच्या वर्षी" म्हणत आहेत. आम्हीही त्या दुसऱ्या गटातले होतो. शेवटी झाड पाडले, पण ते चिपरमध्ये घालून त्याचा चुरा होऊ दिला नाही. एका माणसाला त्याची फिरती सॉ मिल घेऊन अंगणात बोलावले आणि ओंडक्यांच्या फळ्या काढून घेतल्या. गेल्या दोन गणेशोत्सवांत अनेकांनी आम्हाला विचारले, "हा चौरंग कुठून आणला?" त्या सर्वांना एकदाच सविस्तर उत्तर मिळावे म्हणून हा लेख. आमच्या चुकाही लपवलेल्या नाहीत, कारण त्यांतूनच जास्त शिकायला मिळाले.

झाड का वाळले?

एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा, चमकदार, अर्ध्या इंचाएवढा किडा आहे. मूळचा पूर्व आशियातला. अमेरिकेत तो २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या परिसरात प्रथम सापडला आणि आपल्याकडे २०१४ साली सॉमरसेट काउंटीतल्या ब्रिजवॉटरमध्ये. किडा स्वतः पाने खातो, त्याने फारसे बिघडत नाही. खरे नुकसान करतात त्याच्या अळ्या. त्या सालीच्या लगेच खाली नागमोडी बोगदे पोखरतात. झाडाचे अन्नपाणी नेमके त्याच थरातून वरखाली होते. तो थर सगळीकडून तुटला की झाड उपाशी मरते.

लक्षणे सोपी आहेत. शेंडा विरळ होतो, बुंध्यातून नवे कोंब फुटतात, सुतारपक्षी साल उडवून झाडाला फिकट पट्टे पाडतात आणि सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बारीक भोके दिसतात. आमच्या झाडावर हे सगळे २०१९ मध्ये दिसू लागले होते. ज्यांचे झाड अजून बऱ्यापैकी हिरवे आहे त्यांनी जाणकाराला दाखवून खोडात औषध टोचून घ्यावे. दर दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा टोचावे लागते, पण झाड वाचू शकते. शेंड्याचा निम्मा भाग वाळल्यावर मात्र त्याचा उपयोग नसतो.

आमची पहिली चूक इथेच झाली. २०२० साली झाड तोडायचा अंदाज मागवला, रक्कम पाहून कागद फ्रिजवर लावून ठेवला आणि दोन वर्षे काढली. या किड्याने मेलेले ॲशचे लाकूड फार लवकर ठिसूळ होते. २०२२ च्या शरद ऋतूत दुसरा माणूस बोलावला तेव्हा त्याने खाली उभे राहूनच सांगितले, "या झाडावर मी माणूस चढवणार नाही." मग बकेट ट्रक आला आणि खर्च जवळजवळ दुप्पट झाला. त्याआधीच्या वादळात एक जाड फांदी, जिथे उन्हाळ्यात आमच्या खुर्च्या असतात बरोबर तिथे, पडली होती. तेव्हा कुणी बाहेर नव्हते एवढेच आमचे नशीब. ज्यांच्या घरामागे वाळलेला ॲश उभा आहे त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की फळ्यांचे पुढे पाहू, पण झाड या वर्षीच उतरवा. बऱ्याच टाऊनशिपमध्ये त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, तेव्हा तेही विचारून घ्या.

आजींचा प्रश्न

त्या वर्षी मुलांच्या आजी आमच्याकडे आल्या होत्या. झाड पाडून सगळे चिपरमध्ये जाणार हे ऐकून त्या अस्वस्थ झाल्या. "अरे, एवढं सरळ खोड, आणि त्याचा भुगा करणार? निदान चार पाट तरी होतील ना!" त्यांच्या कोकणातल्या माहेरी फणस पाडला की ओंडका अंगणात उंच मांडणीवर चढवत. एक माणूस वर, एक खाली, मध्ये लांबलचक करवत, आणि आठ-आठ दिवस ते काम चाले. त्या फणसाचे पाट अजून घरात आहेत म्हणे. मुलीने हसत विचारले, "आजी, ॲश म्हणजे राख. राखेचे पाट कसे करणार?" पण प्रश्न आमच्या मनात राहिला.

चौकशी केली तेव्हा कळले की लाकूड आतून चांगले असते. अळ्या सालीखालच्या वरवरच्या थरातच राहतात, गाभ्यात शिरत नाहीत. साल आणि तिच्याखालचा अर्धा-पाऊण इंच काढला की आतले लाकूड तेच, ज्याच्या पिढ्यान्पिढ्या बेसबॉलच्या बॅटी, कुदळी-फावड्यांचे दांडे आणि हॉकीच्या काठ्या झाल्या. क्रिकेटच्या बॅटीला विलो, तसा बेसबॉलच्या बॅटीला ॲश. फिकट रंगाचे, लांब रेषांचे, चिवट लाकूड. एकच दोष म्हणजे उघड्यावर ते लवकर कुजते. त्यामुळे डेक किंवा कुंपणासाठी नको, घरातल्या वस्तूंसाठी उत्तम.

फिरती सॉ मिल म्हणजे काय?

मोठ्या कारखान्यात ओंडका सरकतो आणि गोल पाते जागेवर फिरते. फिरत्या गिरणीत ओंडका जागेवर राहतो आणि करवत त्याच्यावरून जाते. ट्रेलरवर बसवलेले लांब लोखंडी रूळ असतात. त्यांवरून इंजिन आणि करवतीचा सांगाडा ढकलत नेतात. करवत म्हणजे सुमारे सव्वा इंच रुंदीचा दातेरी पोलादी पट्टा. गिरणीच्या पट्ट्यासारखा तो दोन चाकांवर ताणलेला असतो आणि मिनिटाला सुमारे ५००० फूट वेगाने धावतो. पाते तापू नये आणि त्याला चीक चिकटू नये म्हणून वरून पाण्याची बारीक धार सोडतात. पिकअप ट्रकच्या मागे जोडून हे सगळे कुणाच्याही ड्राइव्ह-वेत आणता येते. १९८२ साली इंडियानापोलिसमध्ये वुड-मायझर कंपनी निघाली, तेव्हापासून पातळ पात्याच्या अशा गिरण्यांचा प्रसार झाला.

पाते पातळ असण्याचा फायदा हिशेबात दिसतो. प्रत्येक कापात पात्याच्या जाडीएवढ्या लाकडाचा भुसा होतो. पट्टाकरवतीचा काप इंचाच्या साधारण दहाव्या भागाएवढा, जुन्या गोल पात्याचा पाव इंच, आणि चेन सॉ चौकटीत बसवून फळ्या काढल्या तर सुमारे तीन अष्टमांश इंच. एका ओंडक्यात दहा काप धरले तर पट्टाकरवतीत एक इंच लाकूड वाया जाते, गोल पात्यात अडीच इंच आणि चेन सॉमध्ये पावणेचार इंच. म्हणजे पातळ पाते असेल तर त्याच ओंडक्यातून एक-दोन फळ्या जास्त निघतात.

आधी गिरणीवाला, मग झाडवाला

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. झाड पाडण्यापूर्वीच गिरणीवाल्याशी बोला. झाड तोडणारे लोक उचलायला सोपे जावे म्हणून खोडाचे दीड-दोन फुटांचे तुकडे करतात. एकदा तसे झाले की त्यांतून जळणाखेरीज काही होत नाही. आम्ही आधी बोललो म्हणून त्यांना सांगता आले की खोडाचे साडेआठ फुटांचे तीन ओंडके ठेवा. आठ फुटांच्या फळ्या हव्यात, पण टोके वाळताना फाटतात, म्हणून वर सहा इंच जास्त.

ओंडके त्यांच्याकडूनच गिरणी उभी राहील त्या जागेजवळ ठेवून घ्या. ओल्या ॲशचे वजन घनफुटाला सुमारे ४८ पौंड असते. वीस इंच व्यासाचा साडेआठ फुटी ओंडका ८०० पौंडांहून जड भरतो. तो चार मित्र बोलावून हलत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. ओंडके जमिनीवर न ठेवता खाली दोन जाड फांद्या घाला. सालीत माती आणि खडे अडकले की पात्याचे दात बोथट होतात. कापलेल्या टोकांना लगेच मेणाचा किंवा जुन्या लॅटेक्स रंगाचा जाड हात द्या. लाकडातले पाणी टोकांतून फार वेगाने निघून जाते, आणि तिथूनच चिरा पडायला लागतात.

किती लाकूड मिळेल याचा अंदाज बोर्ड फुटात करतात. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड म्हणजे एक बोर्ड फूट. डॉइलचे जुने सूत्र असे: ओंडक्याच्या बारीक टोकाचा साल सोडून व्यास इंचात घ्या, त्यातून ४ वजा करा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला लांबीच्या फुटांनी गुणा आणि १६ ने भागा. आमचे ओंडके २०, १८ आणि १६ इंचांचे होते. आठ फूट लांबी धरून १२८, ९८ आणि ७२, एकूण २९८. हे सूत्र बारीक ओंडक्यांना कमी लेखते, म्हणून पातळ पात्याने याहून थोडे जास्तच मिळते.

गिरणीचा दिवस

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी गिरणीवाले काका सकाळी आठ वाजता आले. आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न, "झाडात कुठे खिळा, हूक, तार?" आम्ही दोघांनी एका सुरात सांगितले, "काही नाही." त्यांनी हातातला मेटल डिटेक्टरही फिरवला. तो काही वाजला नाही.

पहिला ओंडका रुळांवर चढला. खुंट्यांना टेकवून त्यांनी तो घट्ट आवळला. पहिल्या कापात सालीसकट वरची गोलाई निघाली. मग ओंडका पाव फिरवून दुसरी बाजू, मग तिसरी, चौथी. असा चौकोनी ठोकळा तयार झाला की त्यातून सव्वा इंच जाडीच्या फळ्या एकावर एक निघायला लागतात. जाडी आधीच जास्त घ्यावी लागते, कारण वाळताना थोडी आटते आणि रंधताना थोडी जाते. अगदी मधला गाभा त्यांनी बाजूला काढला, कारण तो ज्या फळीत येतो ती बहुधा फाटते.

दुसऱ्या ओंडक्यावर तिसऱ्याच कापाला कर्कश आवाज झाला आणि पट्टा तुटला. इंजिन बंद करून पाहतो तर लाकडाच्या आत एक गंजलेला हूक, भोवती काळा डाग. आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. २००३ साली, मोठी मुलगी तान्ही असताना, कपडे वाळत घालायला दोरी बांधली होती, त्या दोरीचा तो हूक. वर्षभरात दोरी गेली, हूक राहिला. पुढच्या एकोणीस वर्षांत झाड दरवर्षी एकेक वलय चढवत गेले आणि त्याने हूक पोटात घेतला. खोड उंचीने वाढते ते फक्त शेंड्याकडे, त्यामुळे हूक होता त्याच उंचीवर, खांद्याएवढ्यावर राहिला. हातातले यंत्र वरवरचा धातू दाखवते, इतक्या खोलवरचा नाही. काका रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "अंगणातल्या झाडांत काहीतरी असतंच." नवे पाते चढवले आणि तुटलेल्याचे पैसे बिलात लावले.

म्हणून झाडाभोवती एकदा शांतपणे फिरा आणि आठवा. झोपाळा, दोरी, पक्ष्यांचे घर, गराज सेलची पाटी, दिव्यांच्या माळा. घराचे आधीचे मालक सापडत असतील तर त्यांनाही विचारा. जिथे शंका असेल तेवढा तुकडा सोडून द्या. आणि मुलांना कामाच्या दिवशी खिडकीतूनच पाहू द्या. तुटलेला पट्टा कुठे उडेल सांगता येत नाही. बोलावलेल्या माणसाकडे विमा आहे का, हे आधी विचारण्यात संकोच नको.

दुपारी बारापर्यंत तिन्ही ओंडके संपले आणि सुमारे ३१० बोर्ड फूट लाकूड निघाले. आमचे बिल असे झाले: चार तासांचे तासाला ९० प्रमाणे ३६०, येण्याजाण्याचे १००, पात्याचे ३५, एकूण ४९५ डॉलर. म्हणजे बोर्ड फुटाला साधारण एक डॉलर साठ सेंट. दुकानात ॲश याहून महाग मिळतो, पण तो वाळवलेला आणि निवडलेला असतो. आमचे काम अजून निम्मेच झाले होते.

वाळवण: खरी परीक्षा इथे

ओली फळी लगेच वापरली तर वस्तू वाकडी होणारच. कारण समजून घेण्यासारखे आहे. लाकडातले मोकळे पाणी आधी निघून जाते, तेव्हा आकारात काही फरक पडत नाही. ओलावा तीस टक्क्यांच्या खाली गेला की लाकडाच्या पेशींच्या भिंतींतले पाणी निघू लागते आणि लाकूड आटते. तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. ॲश पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आटतो, तर गाभ्याकडून सालीकडे फक्त ४.९ टक्के. या फरकामुळे फळी पन्हाळीसारखी वळते. दहा इंचांची फळी वाळून घरात येईपर्यंत अर्धा इंचभर अरुंद होऊ शकते.

हे आटणे थांबवता येत नाही, पण सावकाश आणि सारखे होऊ देता येते. आम्ही गराजच्या उत्तरेला सिमेंटच्या ब्लॉक्सवर जमिनीपासून फूटभर उंच, सपाट मांडणी केली. फळ्यांचा एक थर, त्यावर दर सोळा इंचांवर एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या, त्यावर पुढचा थर. सर्व थरांतल्या पट्ट्या बरोबर एकाखाली एक आल्या पाहिजेत, नाहीतर फळ्या मध्येच झुकतात. वर पत्रा आणि त्यावर वजन. बाजू मात्र उघड्या. ताडपत्रीत सगळे गुंडाळून ठेवणे ही नेहमीची चूक. आपण कुरडया-पापड वाळवताना वारा लागेल असे पसरतो, पिशवीत घालून ठेवत नाही, तसेच हे.

उघड्यावर वाळवायला इंचाला एक वर्ष, असा ठोकताळा आहे. आमचे लाकूड डिसेंबर २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत बाहेर राहिले. छोटा ओलावा मोजायचा मीटर घेतला होता. तो १४ टक्क्यांवर येऊन थांबला. आपल्या हवेत बाहेर साधारण इतकेच होते. हिवाळ्यात हीटिंग सुरू असलेल्या घरात लाकूड ६ ते ८ टक्क्यांपर्यंत वाळते, म्हणून पुढचे दोन-तीन महिने फळ्या तळघरात डीह्युमिडिफायरजवळ ठेवल्या.

इथेही एक घाई नडली. जानेवारीत एक सुंदर रुंद फळी परस्पर दिवाणखान्यात आणून हीटिंगच्या जाळीजवळ ठेवली, पाहुण्यांना दाखवायला. दहा दिवसांत ती टोकाकडून फुटभर फाटली. ती आता गराजमध्ये कपाट म्हणून टांगली आहे आणि आम्हाला रोज शहाणपण शिकवते.

ज्यांना वर्षभर थांबायचे नाही त्यांनी लाकूड भट्टीत वाळवून घ्यावे. तशी सोय काही गिरणीवाल्यांकडे असते. तिथल्या उष्णतेने कीडही मरते. ॲशच्या बाहेरच्या फिकट लाकडाला नंतर दुसराच एक बारीक भुंगा लागू शकतो. टाचणीएवढी भोके आणि पिठासारखा भुसा दिसला की समजावे. आणि फांद्यांचे जळण कँपिंगला दूर घेऊन जाऊ नका. या किड्याबद्दलचे केंद्र सरकारचे निर्बंध जानेवारी २०२१ मध्ये उठले असले तरी सालीसकट लाकडातूनच तो गावोगाव पसरला आहे.

काय झाले त्याचे?

२०२४ च्या उन्हाळ्यात मंडळातल्या दोन मित्रांबरोबर गराजमध्ये रंधा आणि करवत लावून बसलो. सर्वात चांगल्या फळ्यांचा मंडळाच्या गणपतीसाठी चौरंग केला, आणि उरलेल्यांतून ११ पाट. ते सप्टेंबरात पंगतीला वापरले. एक पाट आजींना पाठवायचा विचार होता, पण सामानाचे वजन आडवे आले. मग व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यांनी पाहून लगेच विचारले, "आणि तो हूक कुठं आहे?" तो आम्ही जपून ठेवला आहे.

पैशांचा हिशेब करायचा तर यात बचत झाली असे आम्ही म्हणणार नाही. दीड वर्षाची वाट, गराजमागची जागा आणि बरेच शनिवार धरले तर दुकानातून लाकूड आणणे सोपे. पण ज्या झाडाखाली मुले वाढली ते एका दुपारी चुरा होऊन ट्रकमधून निघून गेले असते, त्याऐवजी दरवर्षी गणपती त्याच्यावर बसतो. आमच्यासाठी एवढे पुरेसे आहे.

ओलावा मोजायचा मीटर आणि वाळवणाच्या पट्ट्या आम्ही आता मंडळाच्या साठ्यात ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी कार्यकर्त्यांना सांगून खुशाल न्याव्यात आणि काम झाले की परत आणाव्यात. झाड पाडायचे ठरवले असेल आणि मनात काही शंका असेल तर पुढच्या कार्यक्रमात आम्हाला जरूर गाठा. मात्र झाड पाडण्याआधी!